खेळांतील सिद्धि व तिची मर्यादा

भस्मासुराची कथा ज्यास ठाऊक नाहीं असा मुलगा आपल्या मुलखांत विरळाच. ज्याच्या मस्तकावर आपण हात ठेवावा तो भस्म व्हावा, एवढाच वर त्यानें मागितला, आणि भोळ्या शंकरानें मागचापुढचा विचार न करितां तो देऊन टाकिला. पुढें काय झालें तें सर्वांस विदित आहे. वर देणाऱ्यावरच प्रथम पळ काढण्याची पाळी आली, आणि अखेर विष्णूस मोहिनीचें रूप घेऊन त्या असुराचा हात त्याच्याच मस्तकावर ठेववावा लागला. ह्या कथेवरून गर्वाविषयीं बोध करण्याची आपली जुनी चाल आहे. परंतु आम्हांस तींत दुसरेंहि एक तत्त्व दिसतें. त्या वरांत दोष होता तो सामर्थ्याचा नव्हे, तर मसुद्याचा. प्रयोग दिवसांतून किती वेळां करावा, कोणावर करावा, आणि ज्याच्यावर तो व्हावयाचा त्यास सुटण्यास वाव किती, ह्यांपैकीं एकहि गोष्ट त्यांत सांगितलेली नव्हती.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत काढण्यास तसेंच कारण आहे. मे महिन्याच्या सुटींत मुंबई-पुण्याहून येणारीं भावंडें आंब्यांच्या दिवसांत घरोघर नवे खेळ घेऊन येतात. त्यांतच हल्लीं भूमिका घेऊन खेळावयाचा एक बैठा खेळ आहे. ज्या पालकांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. चार-पांच मुलें एका मेजाभोंवतीं किंवा ओटीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि कथेचा प्रसंग वर्णन करून सांगतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी पंडित, कोणी चोर. आणि त्या पात्राच्या तोंडीं आपले स्वतःचे शब्द घालून पुढें काय करावयाचें तें ठरवितो. कृत्य सिद्धीस जाईल कीं नाहीं ह्याचा निवाडा वीस बाजूंच्या फाशानें होतो. ह्या जातीच्या खेळांत सर्वांत जुना व प्रसिद्ध असा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध केला.

दशावताराच्या मुलखांत वाढलेल्यास ह्या खेळांत फारसें परकें असें कांहीं वाटूं नये. आपल्याकडे जत्रेच्या रात्रीं गणपति, सरस्वती व संकासुर ह्यांचे प्रवेश आटोपल्यावर जें आख्यान उभें राहतें, त्याचा सांगाडा मात्र ठरलेला असतो. संवाद कोणीं लिहून दिलेले नसतात. नट रंगभूमीवर उभा राहून ते तत्क्षणीं रचितो, आणि समोरच्यानें काय उत्तर द्यावें हें समोरच्याच्याच बुद्धीवर सोंपवितो. ह्या देवघेवींतच त्या खेळाची सारी लज्जत आहे. एका नटानें जर समोरच्याच्या तोंडचें वाक्यहि स्वतःच म्हणून टाकिलें, तर तें भाषण कितीहि सुंदर असो, नाटक तेथेंच संपलें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. ह्या बैठ्या खेळांत पात्रास कांहीं विशेष गुण घेतां येतात. इंग्रजींत त्यांस 'फीट' म्हणतात, आपण त्यांस सिद्धि म्हणूं. छापील पुस्तकांत अशा सिद्धि पुष्कळ आहेत. परंतु मुलांचा खरा उत्साह असतो तो आपल्या घरचे नियम करण्यांत, आणि तो स्तुत्यच आहे. दुसऱ्याचे नियम पाळण्यापेक्षां स्वतः नियम करणें हें बुद्धीस अधिक व्यायाम देणारें काम होय. मात्र मुलांच्या वह्यांत पाहावें तर सर्वांस हवी असते ती बहुधा एकच सिद्धि: मनाची. समोरच्याच्या मनांतलें ओळखणारा मनकवडा, नुसत्या इच्छेनें दगड हालविणारा, दुसऱ्यास आपल्या आज्ञेंत वागविणारा.

आमचें मत असें कीं, ही हौस मोडूं नये. परंतु मनाची सिद्धि ही इतर सिद्धींहून वेगळ्या जातीची आहे, हें ओळखून तिची मर्यादा तिच्याबरोबरच लिहावी. तरवारीचा घाव पात्राच्या देहास लागतो. पात्र घायाळ झालें तरी काय बोलावें व काय करावें हें त्याच्या खेळाडूच्याच हातीं राहतें. मनावरचा घाव मात्र थेट खेळाडूच्या हातांतली दोरी काढून घेतो. ज्याचें पात्र दुसऱ्याच्या आज्ञेनें चालूं लागलें, त्या मुलास त्या बैठकींत करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. तो उठून घरीं जातो, आणि बहुधा तो सर्वांत लहान असतो. तसेंच सूत्रधारानें जें रहस्य तासन् तास जपलें तें मनकवड्यानें पहिल्याच प्रश्नांत उघडें केलें, तर उरलेल्यांनीं शोध तरी कशाचा करावा? डाव मोडतो तो बहुतेक वेळां अशाच ठिकाणीं, आणि त्याबरोबर कधीं कधीं स्नेहहि मोडतो.

ही अडचण नवखीं मुलेंच अनुभवितात असें नाहीं. मूळ खेळांत मनःशक्तीचे नियम प्रथम १९७६ सालच्या एका पुरवणींत आले, आणि १९७८ च्या नियमग्रंथांत ती शक्ति कोणास मिळावी हें शंभरांच्या फाशावर सोंपविलें होतें. ती फारच थोड्यांस लाभे. म्हणजे दुर्मिळता हीच तिची वेसण होती. पण ही वेसण फसवी आहे. शंभरांत एखाद्यासच जी शक्ति मिळते ती जगाच्या हिशेबीं दुर्मिळ खरी. परंतु ज्यास ती एकदां मिळाली, त्याच्यापाशीं ती प्रत्येक बैठकींत असते, आणि शेजारीं बसलेल्या चौघांपाशीं ती कधींच नसते. पुढें २०१७ सालीं त्याच खेळाच्या प्रकाशकांनीं केवळ मनःशक्तीवर उभारलेला एक सबंध वर्ग परीक्षणासाठीं लोकांपुढें ठेविला. तो पुढें मागें घेण्यांत आला. अखेर २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' ह्या पुस्तकांत दोन लहानशा सिद्धि आल्या, एक मनाशीं बोलण्याची व दुसरी इच्छेनें वस्तु हालविण्याची. मोठ्या वर्गास जें साधलें नाहीं तें लहान सिद्धीस कां साधलें, हें पाहण्यासारखें आहे.

पहिल्या सिद्धीनें ६० फुटांच्या आंत दिसणाऱ्या कोणाच्याहि मनांत बोलतां येतें. परंतु उभयतांस ठाऊक अशी एक भाषा पाहिजे, आणि ऐकणाऱ्यास त्याच वाटेनें उत्तर देण्याची शक्ति येत नाहीं. दुसऱ्याचे विचार जाणण्याचा प्रयोगहि तींत आहे, पण एका दीर्घ विश्रांतीमागें फुकट असा एकदांच. त्या प्रयोगांत वरवरचे विचार सहज कळतात. खोल शिरूं गेल्यास मात्र समोरच्यास प्रतिकाराची संधि मिळते, आणि आपल्या मनांत कोणी शिरत आहे हें त्यास समजतें. दुसऱ्या सिद्धीनें ३० फुटांच्या आंतील एकास केवळ ५ फूट ढकलतां अथवा ओढतां येतें, तेंहि तो आपल्या बळाच्या कसोटीस उतरला नाहीं तर. सपाट मैदानांत पांच फूट म्हणजे कांहींच नव्हे. पण देवगडच्या किल्ल्याच्या तटावर, खालीं समुद्र खवळलेला असतां, पांच फूट म्हणजे सर्व कांहीं होय. शक्ति लहान ठेविली म्हणजे खेळाडूची युक्ति मोठी होते, हें ह्यावरून दिसून येईल.

आपल्या पूर्वजांस हें मर्म चांगलें अवगत होतें. महाभारतांतील वर व अस्त्रें ह्या दृष्टीनें पुन्हां वाचून पाहावीं. इंद्रानें कर्णास दिलेली अमोघ शक्ति एकाच शत्रूवर, एकदांच चालावयाची होती. अर्जुनासाठीं राखलेली ती शक्ति घटोत्कचावर खर्ची पडली. ती वाटेल तितक्या वेळां चालली असती, तर त्या प्रसंगास करुण म्हणण्याजोगें कांहींच उरलें नसतें. जयद्रथास शंकरानें वर दिला तो अर्जुनाखेरीज इतर पांडवांस रोखण्याचा, आणि तोहि एका दिवसापुरता. कोणावर, किती काळ, आणि अपवाद कोण, हीं तिन्ही कलमें एका वाक्यांत आलीं. आणि त्या एकाच दिवसानें अभिमन्यूचा प्राण घेतला. व्यासांनीं संजयास दिव्य दृष्टि दिली. उघड व गुप्त सर्व दिसावें, दुसऱ्याच्या मनांत आलेलेंहि कळावें, इतकी ती थोर होती. परंतु तो जाणी आणि अंध राजास सांगे, इतकाच त्याचा अधिकार होता. युद्धाच्या अखेरीस दुर्योधनाच्या मरणाबरोबर ती दृष्टिहि गेली. इतकें मोठें ज्ञान असूनहि कथा बिघडली नाहीं, कारण ज्यास सर्व दिसत होतें त्याचें मुख्य काम सांगण्याचें होतें.

सिद्धीच्या शास्त्राचाच आधार पाहावयाचा तर पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसरा, म्हणजे विभूतिपाद उघडावा. तेथें परचित्तज्ञान सांगितलें आहे, आणि त्यालाच लागून एक फार मार्मिक मर्यादा घातली आहे: योगी दुसऱ्याच्या चित्ताची अवस्था जाणतो, परंतु तें चित्त कोणत्या विषयास चिकटलें आहे हें त्या ज्ञानांत येत नाहीं. म्हणजे समोरचा भ्यालेला आहे एवढें कळेल. कशास भ्याला आहे हें कळणार नाहीं. घरचे नियम करणाऱ्या मुलास ह्याहून उत्तम सूचना कोणती मिळणार?

ह्या सूचनेप्रमाणें आपण एक सिद्धि सिद्ध करून पाहूं. वहींतला पहिला मसुदा असा असतो: 'मनकवडा. समोरच्याच्या मनांतील सर्व कळतें.' हा भस्मासुराचाच वर. आतां दुरुस्त मसुदा पाहा. मनकवड्याच्या बुद्धीच्या, विवेकाच्या किंवा प्रभावाच्या अंकांत एकाची वाढ होईल. दीर्घ विश्रांतीमागें एकदां, ३० फुटांच्या आंत दिसणाऱ्या एका व्यक्तीच्या चित्तांत त्या क्षणीं प्रबळ असलेली एक वृत्ति त्यास कळेल: भय, क्रोध, लोभ, शोक, आनंद ह्यांसारखी, तिचें कारण कळणार नाहीं. समोरच्यानें मनोबलाची कसोटी पार केली तर कांहींच कळणार नाहीं, आणि आपल्या चित्तास कोणीतरी स्पर्श केला इतकें त्यास जाणवेल. सोबतच्या खेळाडूच्या पात्रावर त्याच्या संमतीवांचून हा प्रयोग होणार नाहीं.

ही सिद्धि पहिलीहून दुबळी आहे, परंतु खेळास ती अधिक उपकारक आहे. वाड्याचा कारभारी भ्यालेला आहे हें कळल्यावर तो मालकास भितो, चोरांस भितो, कीं आपल्यालाच भितो, हा शोध पुढें राहतोच; आणि त्यासाठीं बोलावें लागतें, तर्क करावा लागतो, सोबत्यांची मदत घ्यावी लागते. पहिली सिद्धि प्रश्न संपविते. दुसरी नवा प्रश्न उभा करिते.

प्रयोगांच्या संख्येस मर्यादा कां, ह्याचें उत्तर गणिताच्या तासास शिकलेल्या संभवशास्त्रांत आहे. समजा, कसोटीचा अंक १३ आहे आणि रहस्य जपणाऱ्यास आपल्या दानांत २ मिळवितां येतात. तर वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा अधिक पडल्यास तो सुटेल. म्हणजे सुटण्याचा संभव निम्मा झाला. एका प्रयोगापुरतें हें न्याय्य आहे. परंतु मनकवड्यास लागोपाठ चार प्रयोग करूं दिले, तर चारहि वेळां सुटण्याचा संभव १६ त १, आणि पांच करूं दिले तर ३२ त १ इतकाच उरतो. कसोटी तीच, अंक तोच. पण मर्यादा काढल्याबरोबर ती कसोटी केवळ नांवाची राहते.

सिद्धीचें वजन कोणत्या मापानें करावें, असा प्रश्न येथें कोणी करील. २०१४ च्या नियमांत त्यास माप दिलेलें आहे. ठराविक पायऱ्यांवर पात्राच्या एका अंगच्या गुणांत दोन अंकांची वाढ घेतां येते, आणि सूत्रधाराची मान्यता असल्यास तिच्याऐवजीं एक सिद्धि घेतां येते. म्हणजे सिद्धीची किंमत दोन अंक ठरली. आपल्या मनकवड्यास एक अंक अगोदरच मिळाला आहे. म्हणून वृत्ति ओळखण्याची शक्ति उरलेल्या एका अंकाच्या तोलाची असली पाहिजे. ह्याशिवाय एक साधी परीक्षा आहे. नवा नियम पांच मित्रांपुढें ठेवावा. पांचहि जण तीच सिद्धि मागूं लागले तर ती फार जड झाली. कोणीच मागितली नाहीं तर फार हलकी.

समतोल म्हणजे सर्वांस सर्वकाळ सारखेंच देणें, असा मात्र गैरसमज नसावा. आपल्या जिल्ह्यांतील सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा पाहा. गोल पत्ते १२०, अवतारांचे रंग १०, आणि प्रत्येकांत राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतचे मिळून १२ पत्ते. ह्यांपैकीं निम्म्या रंगांत अंकांच्या पत्त्यांमध्यें दहा श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ. आणि दिवसा ज्याच्या हातीं रामाचा राजा त्यानें डाव उघडावयाचा, रात्रीं ज्याच्या हातीं कृष्णाचा राजा त्यानें. जो दश्शा एका रंगांत मानकरी तोच दुसऱ्या रंगांत शेवटचा. ज्यांनीं हा खेळ रचिला त्यांनीं बळ नाहींसें केलें नाहीं, तें फिरतें ठेविलें. मनःशक्तीच्या सिद्धीविषयींहि हेंच धोरण असावें: एका प्रसंगीं मनकवड्याचें चालावें, दुसऱ्या प्रसंगीं योद्ध्याचें, तिसऱ्या प्रसंगीं चोराचें.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. कित्येक मुलें म्हणतील, 'खेळ कल्पनेचा. त्यांत इतके निर्बंध हवेत कशाला?' त्यांस आमचें उत्तर असें कीं, कल्पनेचा खेळ एकट्याचा असेल तर निर्बंध नकोत. परंतु पांच जणांनीं मिळून एकच कल्पना उभी करावयाची असेल तर प्रत्येकाचा वांटा कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें ठरलेंच पाहिजे. भजनांत सर्वांनींच टाळ वाटेल तसे वाजविले तर त्यास कोणी भजन म्हणत नाहीं.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. मन ओळखण्याच्या व वस्तु इच्छेनें हालविण्याच्या गोष्टी मुलांच्या डोक्यांत भरल्यानें अंधश्रद्धा वाढणार नाहीं काय? महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोण्याच्या अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला, ही गोष्ट लक्षांत घेतां ही चिंता अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. तथापि आमच्या मतें, चांगला केलेला नियम ह्या रोगावर उतारा आहे. ढोंगी मांत्रिक आपल्या शक्तीची मर्यादा कधींच सांगत नाहीं. फसला तर दोष भक्ताच्या श्रद्धेचा. उलट ज्या मुलानें स्वतः मनकवड्याचा नियम लिहिला, त्यास विचारण्याची संवय लागते: किती अंतरावरून? किती वेळां? चुकण्याचा संभव किती? पडताळा कोणता? हेच प्रश्न शास्त्रज्ञांनींहि विचारले. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या जे. बी. ऱ्हाइन ह्यांनीं १९३० नंतरच्या काळांत पांच चिन्हांचे पंचवीस पत्ते घेऊन मनःशक्तीचे प्रयोग केले. नुसत्या अंदाजानें सांगितलें तरी पंचविसांत सरासरी पांच पत्ते बरोबर येतातच. त्याहून अधिक आले तरच पुढें बोलण्यास जागा. ऱ्हाइन ह्यांचा दावा इतरांच्या काटेकोर प्रयोगांत टिकला नाहीं. जो मुलगा फाशाचा हिशेब जाणतो, त्यास हा हिशेब समजावून सांगावा लागत नाहीं. म्हणून पालकांनीं वही फेंकून देऊं नये. ती उघडून मुलास वरील प्रश्न स्वतःच विचारावेत.

शेवटीं, विद्यार्थिमित्रांनो, एक सूचना करून हा लेख पुरा करितों. तुम्हीं नवी सिद्धि रचिली म्हणजे पहिल्या डावांत ती आपल्या पात्रास घेऊं नका. ती सूत्रधाराच्या हातांतील तुमच्या शत्रूस द्या, आणि एक सबंध संध्याकाळ तिच्यासमोर बसून खेळा. तुमच्या मनांतलें त्यास कळूं द्या. तटाच्या कडेवर त्यास तुम्हांस ढकलूं द्या. इतकें झाल्यावरहि तुम्हांस खेळांत गोडी वाटली, करण्यास कांहीं उपाय उरला, आणि पुन्हां उद्यां बसावेंसें वाटलें, तर तो नियम चांगला समजा व खुशाल आपल्या वहींत कायमचा उतरून घ्या. नाहींतर पेन्सिल व रबर जवळ आहेतच.